कागदाचं रोमन शिरस्त्राण: घुमट गोल यायचा असेल तर

मुलांसाठी रोमन शिरस्त्राणाचे जे नमुने फिरत असतात, त्यांतल्या बहुतेकांत डोक्याच्या भागासाठी सरळ त्रिकोण कापायला सांगतात. सरळ कडांचे त्रिकोण जोडले की शंकूच होणार. मावळ्याच्या टोपाला ते खपून जातं. रोमन सैनिकाचा टोप मात्र वाटीसारखा गोल असतो, आणि सगळं काम त्या गोलाईतच आहे.

कागद ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्डशीट घ्या. इंदूरला खजुरी बाजारात ५६ बाय ७१ सेंमीचा पूर्ण ताव मिळतो. एकात काम होतं. चार्ट पेपर लुळा पडतो आणि खोक्याचा नालीदार पुठ्ठा वळवताना मोडतो. शिवाय मास्किंग टेप, फेविकॉल, जुनी वर्तमानपत्रं, लाल क्रेप कागद आणि रंग. स्टेपलर नको, पिना केसांत अडकतात.

कपाळावरून डोक्याचा घेर मोजा आणि त्यात २ सेंमी मिळवा. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं हे माप साधारण ५६ येतं. ५६ लांब, १७ उंच पट्टी कापा. एका टोकाला चिकटवायला २ सेंमी जास्त ठेवा. खालची ३ सेंमी अखंड पट्टा राहील, वरच्या १४ सेंमीत ८ पाकळ्या.

आता खरं काम. पाकळीची रुंदी म्हणजे घेराचा आठवा भाग: इथे ७ सेंमी. उंची घेराचा चौथा भाग: १४. पण टोकाकडे जाताना रुंदी एकसारखी कमी करायची नाही. बुडापासून ४.७ सेंमीवर ती ६.१ हवी, ७ सेंमीवर ४.९, ९.३ सेंमीवर ३.५ आणि शेवटी शून्य. हे बिंदू जोडले की कड बाहेर फुगते. त्रिकोणात निम्म्या उंचीवर फक्त ३.५ उरले असते. तो जो १.४ सेंमीचा फरक, त्यातच घुमट आहे. दुसऱ्या मापाच्या डोक्यासाठी बुडाच्या रुंदीचे ८७, ७० आणि ५० टक्के धरा. एक पाकळी जाड कागदावर नीट काढून कापा आणि तिच्यावरूनच आठही आखा. नजरेच्या अंदाजाने कापलेल्या पाकळ्या कधीच जुळत नाहीत.

कापल्यावर लगेच चिकटवू नका. प्रत्येक पाकळी मेजाच्या कडेवरून खाली ओढून वळण द्या, नाहीतर ती मध्येच दुमडते आणि टोपाला कोन येतात. मग पट्ट्याचं कडं जोडा. पाकळ्यांच्या कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, फक्त भिडवायच्या आणि आतून टेप लावायचा. टेपचे ३ सेंमीचे तुकडे करा. लांब टेप वळणावर चुण्या पाडतो. बुडाकडून वर चढा आणि समोरासमोरच्या जोड्या आळीपाळीने घ्या. एकाच बाजूने फिरत गेलात तर सगळी चूक शेवटच्या फटीत गोळा होते. टोकं अर्धा सेंमी छाटा, वरून ५ सेंमीची चकती लावा.

डोकं लंबगोल असतं. म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बाजूंनी दाबा: मागे-पुढे १९ सेंमी, कान ते कान १६. या आकारातच दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी करून वर्तमानपत्राच्या २ बाय ६ सेंमीच्या पट्ट्यांचा एक थर द्या. पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. उन्हात वाकडं होतं. पावसाळ्यात दोन दिवस हाताशी ठेवा.

बाकीचं सोपं आहे. मागे मानेवर २२ लांब, ५ रुंद चंद्रकोर, किंचित खाली झुकलेली. कानांपुढे १२ सेंमीच्या गालपट्ट्या, टेपच्या बिजागरीवर. कान मोकळे ठेवा. नाकावर पट्टी लावू नका, तोंड झाकणारा नाकपट्टीचा टोप ग्रीकांचा. कपाळावर आडवी कड.

तुऱ्यासाठी टोपाच्या वळणाशी जुळवलेली कार्डशीटची दुहेरी कमान, मध्ये ७ सेंमीच्या क्रेपच्या चार घड्या, ३ मिमीवर कातरलेल्या. साध्या सैनिकाचा तुरा कपाळाकडून मानेकडे, सेंच्युरियनचा, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्याचा, मात्र कानाकडून कानाकडे. कुणाचं सोंग आहे ते आधी ठरवा, कारण चिकटवलेला तुरा काढताना घुमटाचा कागद सोलतो.

रंग तुऱ्याआधी. खाली राखाडी, त्यावर ॲक्रिलिकच्या रुपेरी रंगाचे दोन पातळ हात. पितळी टोप हवा असेल तर मंद सोनेरी. चमकी नको. हनुवटीखाली बांधायला गालपट्ट्यांच्या टोकांना भोकं पाडून काळी नाडी ओवा, आणि भोकांमागे आतून टेप लावा, नाहीतर पहिल्याच गाठीला कागद फाटतो.