सूर्यास्ताचे बंदर रंगवताना या चुका टाळा

समोर क्षितिजालगत उतरलेला सूर्य आणि बाजूंना गलबते व महाल, ही मांडणी फ्रान्सलगतच्या लॉरेन प्रांतातून रोमला येऊन स्थायिक झालेल्या चित्रकार क्लोद लोरँने सतराव्या शतकात रुजवली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्याचे १६३९ चे सूर्यास्ताचे बंदर सरावासाठी प्रत करायला घेतले, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा नारिंगी रंगाच्या ट्यूबकडे जातो आणि चित्र दिवाळीच्या कॅलेंडरसारखे दिसू लागते. क्लोदचे आकाश सूर्याजवळ फिकट पिवळे असून ते हळूहळू वर निळ्यात विरते. झगमगाट वाटतो तो भोवतालच्या गडद आकारांमुळे.

सर्वाधिक रडवणारी अडचण याच ठिकाणी येते. ओला पिवळा ओल्या निळ्याला भिडला की मध्ये हिरवट पट्टा उमटतो, आणि तो पुसायला जावे तसा अधिकच पसरतो. दोन्हींच्या मध्ये सफेद्यात किंचित गुलाबी मिसळलेला राखाडी पट्टा आधी लावावा आणि प्रत्येक हातानंतर ब्रश फडक्याने कोरडा पुसून घ्यावा. हिरवा आलाच असेल, तर घासत न बसता थर पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर तोच राखाडी गुलाबी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने, खालचा रंग थोडा दिसत राहील इतका पातळ फिरवावा.

पाण्यातील उजेडाची वाट अनेक जण तिरपी काढतात. ती सूर्याच्या सरळ खालून निघून पाहणाऱ्याकडे येते आणि लाटांवर तुटत जाते, म्हणून पट्टी न वापरता आडव्या, अनियमित तुकड्यांनी ती काढावी. सूर्य समोर असताना आपल्याकडे तोंड असलेल्या भिंती सावलीतच राहतात. तेथे उजेड फक्त कडांवर, खांबांच्या बगलेवर आणि डोलकाठीच्या एका बाजूला सापडतो. भिंती उजळल्या की सूर्य विझला, असे मी म्हणतो.

यथार्थदर्शनाबद्दल, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याबद्दल, थोडक्यात सांगायचे, तर आत धावणाऱ्या महालांच्या समांतर आडव्या रेषा क्षितिजावरच्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, नाहीतर धक्का पाण्यात घसरतो.

क्षितिजालगतचा प्रत्येक सूर्य मावळता धरणे, ही बघणाऱ्यांचीही चूक आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील १६४८ चे शेबाच्या राणीच्या प्रस्थानाचे चित्र सकाळच्या उजेडातले आहे. भाऊच्या धक्क्यावर रंगपेटी घेऊन बसणाऱ्या मुंबईकराला तर हे ध्यानात ठेवावेच लागते. बंदर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे तेथे पाण्यावर सूर्य उगवतो आणि मावळतो तो पाठीमागच्या इमारतींआड.

चित्रातली जागा प्रत्यक्षात शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. फ्लोरेन्सच्या उफीझी संग्रहालयातील १६३७ च्या बंदराच्या चित्रात क्लोदने व्हिला मेदिची हा महाल थेट पाण्याकाठी उभा केला आहे, पण प्रत्यक्षात तो रोममधल्या टेकडीवर, समुद्रापासून बराच आत आहे.