राणीछाप रुपया नक्की कशाने बिघडला, हे असं ओळखा

आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया (1862 ते 1901 वाला) हातात आला की राणीचं तोंड नंतर बघा, आधी कड बघा. मुकुटाच्या वर कडेचे दाते मधेच गायब आणि तिथे पिवळट फुगवटा असेल तर कडी डाख देऊन लावलेली होती, म्हणजे रुपया कुणाच्या तरी गळ्यात होता. चेहऱ्यावर बारीक ठोकलेल्या खुणा बहुतेक सराफाने चांदी तपासताना मारलेल्या. मग वजन करा, मूळ 11.66 ग्रॅम, थोडं कमी आणि नक्षी सगळीकडे सारखी गुळगुळीत तर नुसती वापराची झीज, पण नक्षी ठसठशीत असून वजन बरंच कमी आणि कड चपटी तर कानस फिरलीय समजा. आणि प्लीज, बघायच्या आधी चिंचेने घासू नका.