घराची किल्ली मिळाली की आधी मीटर बघा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गल्लीत नाशिकचं एक जोडपं राहायला आलं. सामान लावायला मदत म्हणून गेले, तर जिन्याखालच्या कपाटात त्यांनी देवघर मांडलं होतं. छान सजवलेलं, समोर निरांजन तेवत होतं, आणि देवांच्या मागे साटिनच्या पडद्याआड गॅसचं मीटर. मी आधी दिवा शांत केला, मग बोलले. त्या मुलीचा चेहराच उतरला. ती राखाडी पेटी कसली आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला इथे इंग्लंडमध्ये, रेडिंग गावात चौदा वर्षं होऊन गेली. दरवर्षी नवी माणसं येतात आणि दरवर्षी त्याच जागी अडखळतात, म्हणून हे लिहायला बसले. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

किल्ली घेताना एजंट दारात उभा असेल तेव्हाच त्याला विचारा, विजेचं मीटर कुठे आणि गॅसचं कुठे. आपल्याकडे सोसायटीत खाली मीटर रूम असते, चाळीत पॅसेजमध्ये ओळीनं मीटर दिसतात. इथल्या जुन्या घरांत ते जिन्याखाली, कोटांच्या कपाटात, नाहीतर तळघरात असतं. नव्या घरांत बाहेरच्या भिंतीत पांढरी पेटी असते, तिला त्रिकोणी तोंडाची छोटी किल्ली लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, दोन घेऊन ठेवा. फ्लॅट असेल तर तळमजल्यावरच्या सामाईक कपाटात सगळ्यांची मीटरं एकत्र असतात, आणि तिथेच घोळ होतो. त्याबद्दल पुढे.

मीटर ज्या कपाटात आहे तिथे दिवा, उदबत्ती, धूप काहीही लावायचं नाही. टर्पेंटाइन, स्प्रेचे डबे, रिकाम्या बॅगांचा ढीग ठेवायचा नाही. मीटरशेजारी गॅसच्या नळीवर एक दांडा असतो, तो बंद करण्याचा व्हॉल्व्ह. दांडा नळीच्या रेषेत असेल तर चालू, आडवा झाला की बंद. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्या आलेल्या आईवडिलांनाही, तो हातानं फिरवून दाखवा. तिथे हात सहज पोचला पाहिजे.

गॅसचा वास आला तर आपल्याला सिलिंडरची सवय असते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. इथला नळाचा गॅस हलका, तो वर जातो. वागायची रीत मात्र तीच: दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, काडी ओढायची नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेर यायचं आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा. मीटर तळघरात असेल तर व्हॉल्व्ह बंद करायला खाली उतरू नका, तसेच बाहेर पडा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो. आमच्या ओळखीतल्या एका घरानं आधी घरमालकाला फोन केला, त्यानं उचलला नाही, म्हणून अर्धा तास वाट पाहिली. असं करू नका. वीज गेली तर १०५.

आता मालकी कोणाची, हे दोन ओळींत. रस्त्यावरून येणारी केबल आणि मुख्य फ्यूज विजेच्या नेटवर्क कंपनीचे, मीटर ज्या कंपनीकडून तुम्ही वीज घेता तिच्या जबाबदारीचं, आणि मीटरच्या पुढची वायरिंग, फ्यूज बॉक्स हे घराच्या मालकाचं. सील कोणीही तोडायचं नाही. घर विकत घेतल्यावर स्वयंपाकघर वाढवताना बरेच जण ओळखीच्या बिल्डरला सांगतात, ‘जरा मीटर पलीकडे सरकव’. आपली माणसं इथे हातचं काम करून घेण्यात पटाईत आहेत, पण हे काम त्यातलं नाही. मीटर हलवायचं तर वीज कंपनीला सांगावं लागतं. केबल हलवायची तर नेटवर्क कंपनीला, म्हणजे आमच्या भागात एसएसईएन आणि लंडनमध्ये यूके पॉवर नेटवर्क्स. गॅसचं नेटवर्क आणखी वेगळं. तारखा जुळवायला वेळ लागतो आणि खर्चही येतो, म्हणून बांधकाम ठरवतानाच अर्ज करा. मीटरच्या पुढची गॅसची नळी किंवा बॉयलर यांना हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेलाच हवा. त्याचं ओळखपत्र मागा, त्याला राग येत नाही. भाड्याच्या घरात गॅसची तपासणी दरवर्षी करून दाखला तुमच्या हातात देणं घरमालकाला बंधनकारक आहे. तो दाखला मागितल्याशिवाय राहू नका.

आता माझं सांगते, कारण हे सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे.

२०१२ च्या नोव्हेंबरात आम्ही दोन खोल्यांच्या एका जुन्या ओळीतल्या घरात राहायला गेलो. जानेवारीत मला मुलगी झाली, बाळंतपणाला आई मिरजेहून आली होती. पहिलं गॅसचं बिल आलं आणि आम्ही दोघं गप्प झालो. ओळखीत विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, ‘इथे गॅस महागच आहे, होईल सवय.’ मग आम्ही हीटिंग सकाळी एक तास आणि रात्री एक तास लावू लागलो. बाळाच्या खोलीतलं थर्मामीटर पंधरा अंश दाखवायचं. आई दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन बसायची. दुपारी मी झोपले की ती स्वयंपाकघराचं दार लावून गॅसचा ओव्हन पेटवायची आणि त्याचं दार उघडं ठेवून शेकत बसायची, आम्हाला कळू न देता. तिचं डोकं रोज दुखायचं. आम्ही म्हणायचो, थंडीनं. घरात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म नव्हता.

एप्रिलमध्ये शेजारचे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ, आयुष्यभर गॅसचं काम केलेले, चहाला आले. मी त्यांना बिल दाखवलं. त्यांनी बिल पाहिलं, मग जिन्याखाली गुडघ्यावर बसून टॉर्च मारून मीटर पाहिलं. मीटरवर आकड्यांशेजारी ‘m³’ म्हणजे घनमीटर छापलेलं होतं. बिलावर हिशोब घनफुटांचा होता.

हे नीट समजून घ्या. महाराष्ट्रात विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, मीटरवरचा आकडा तोच बिलाचा आकडा. इथे विजेचं तसंच आहे, पण गॅसचं मीटर गॅसचं आकारमान मोजतं आणि कंपनी त्याचे किलोवॅट-तास करते. घनमीटरांना १.०२२६४ ने गुणायचं, मग बिलावर छापलेल्या उष्मांकानं (calorific value) गुणायचं (तो साधारण ३९ च्या आसपास असतो), आणि ३.६ ने भागायचं. उष्मांक ३९.५ धरला तर १०० घनमीटरांचे सुमारे १,१२० किलोवॅट-तास होतात. जुनी मीटरं शंभर घनफुटांत मोजतात, म्हणून त्यांच्या आकड्याला आधी २.८३ नेही गुणतात. माझ्या घरातलं जुनं मीटर कधीतरी बदलून नवं घनमीटरचं बसवलं होतं, कंपनीच्या नोंदीत मात्र जुनंच राहिलं होतं. म्हणजे १०० घनमीटरांचे माझ्याकडून जवळपास ३,१७५ किलोवॅट-तासांचे पैसे घेतले जात होते. जवळजवळ तिप्पट.

फोनवर चार वेळा बोलले. चारही वेळा अतिशय गोड आवाजात माझी क्षमा मागितली गेली आणि काहीही झालं नाही. या देशाबद्दल एक गोष्ट मी तेव्हा शिकले: इथे बोलण्याला सौजन्य मिळतं आणि कागदाला उत्तर मिळतं. मीटरचा फोटो, बिलाची प्रत, तारीख आणि ‘ही माझी तक्रार आहे’ असं स्पष्ट वाक्य घालून पत्र पाठवलं. आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं, हेही त्यात लिहिलं. आठव्या आठवड्यात सगळे पैसे खात्यात परत आले.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही मीटरांचे फोटो काढा: आकडा, एकक आणि मीटरचा अनुक्रमांक, तिन्ही स्पष्ट दिसतील असे. गॅस मीटरवरचे लाल आकडे किंवा दशांशानंतरचे आकडे कळवायचे नसतात. पहिलं बिल आलं की अनुक्रमांक जुळवा. फ्लॅटमध्ये तर हे केल्याशिवाय राहूच नका, कारण सामाईक कपाटात चार नंबरच्या फ्लॅटचं मीटर सहा नंबरच्या नावावर निघाल्याच्या गोष्टी मी दोनदा पाहिल्या आहेत. शंका आली तर फ्यूज बॉक्सचा मुख्य स्विच पाडा आणि मीटर बघा. तरीही आकडा पुढे जात असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर तुम्ही दुसऱ्याच कोणाची वीज भरताय. उलटही होतं, कंपनी वर्षानुवर्षं बिलच पाठवत नाही आणि एकदम मोठी रक्कम मागते. चूक तिची असेल तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती तुमच्याकडून मागू शकत नाही. आपली माणसं ‘परक्या देशात वाद नको’ म्हणून भरून टाकतात. भरू नका. तक्रार केल्यानं व्हिसाला काहीही होत नाही.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर वगैरे असलेल्या खोलीत तो बसवणं घरमालकाला सक्तीचं आहे. त्यात गॅसची शेगडी धरलेली नाही, म्हणून स्वयंपाकघरासाठी स्वतः विकत घ्या. फोडणीच्या धुरानं वाजतो तो धुराचा अलार्म, हा वेगळा. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणं, बॅटरी काढणं हे मी आपल्या किती घरांत पाहिलंय! कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं. खोली ऊबदार करायला ओव्हन किंवा शेगडी कधीही नाही. म्हाताऱ्या माणसांना हे समोर बसवून सांगा, ती आपल्या पैशांच्या काळजीनं गुपचूप करतात.

स्मार्ट मीटरबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते बहुतेक सोडून द्या. ते फुकट बसवतात, सक्तीचं नाही, आणि बसवल्यानं दर वाढत नाही. माझं मत विचाराल तर बसवा, कारण अंदाजी रीडिंगची कटकट संपते. बिल तुमच्या नावावर असेल तर भाडेकरूलाही ते मागता येतं. करार वाचा आणि घरमालकाला कळवा. बसवायला माणूस येतो तेव्हा घरात मोठं कोणीतरी हवं, आधी ते कपाट रिकामं करून ठेवा, वीज आणि गॅस थोडा वेळ बंद राहील. तो गॅसची उपकरणंही बघतो, काही धोकादायक दिसलं तर बंद करून लेबल लावतो. त्याच्याशी वाद घालू नका, घरमालकाला बोलवा. आणि तो जुनं मीटर उचलून नेण्याआधी त्याच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढा, नव्याच्या पहिल्या आकड्याचाही. माझ्या घरातली चूक अशाच एका बदलात जन्मली होती.

गॅसचं स्मार्ट मीटर बॅटरीवर चालतं आणि आपला आकडा विजेच्या मीटरवरच्या संपर्क-पेटीमार्फत पाठवतं. दोन्ही मीटरांत जाड भिंती किंवा चार मजले असतील तर सिग्नल पोचत नाही. मग गॅसचा आकडा पूर्वीसारखा हातानं कळवावा लागतो. पहिल्या पिढीची काही मीटरं कंपनी बदलली की ‘मुकी’ होतात, तेव्हाही तेच. मीटर स्मार्ट आहे म्हणून महिन्यातून एकदा आकडा बघायचं सोडू नका.

आपल्याकडच्यासारखे दराचे टप्पे इथे सहसा नसतात, पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच दराचं. शिवाय रोजचा स्टँडिंग चार्ज, वापर शून्य असला तरी. बातम्यांत दर तीन महिन्यांनी ऑफजेमची, म्हणजे वीज-गॅसच्या नियामक संस्थेची, जी कमाल मर्यादा सांगतात ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, तुमच्या एकूण बिलावर नाही.

किल्ली किंवा कार्डाचं प्रीपेड मीटर असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून स्वतःची नोंद करा. नाहीतर आधीच्या भाडेकरूचं कर्ज तुमच्या रिचार्जमधून कापलं जातं. विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर नाव घाला. फुकट आहे, वीज जाणार असेल तर आधी कळवतात. इंग्रजी अडत असेल तरी नाव घालता येतं. आई पुढच्या खेपेला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो फोन केला.

घर सोडतानाही तेच. शेवटच्या दिवशी, खोल्या झाडून झाल्या की दोन्ही मीटरांचे फोटो, आकडे त्याच दिवशी कंपनीला, आणि अंतिम बिलासाठी नवा पत्ता. भारतात परत जात असाल तर ईमेल द्या आणि अंतिम बिल मिटेपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका.