पायाच्या नसांची इंजेक्शनं घ्यायची तर दिवाळी उरकू द्या

मांडीवर, घोट्यापाशी बारीक जांभळ्या नसांचं जाळं दिसू लागलं की आमच्या दांडिया बाजारातल्या बायका मलाच विचारतात. फराळाच्या दुकानात दिवसभर उभी असते ना मी, आणि स्क्लेरोथेरपी, म्हणजे या नसा मिटवणारी इंजेक्शनं, घेऊन बसलेय! तर सांगते.

आधी वेळ बघा. इंजेक्शनानंतर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालावे लागतात. बडोद्याच्या मे महिन्यात ते घालून दाखवा! नवरात्रात गरबा सोडवत नाही आणि डॉक्टर सुरुवातीला उड्या मारू देत नाहीत. दिवाळीत माझ्यासारखीला मरायला फुरसत नसते. म्हणून देवदिवाळीनंतर घ्या. फक्त उत्तरायणला पतंग बघायला अगाशीवर उघड्या पायांनी उन्हात उभ्या राहू नका. टोचलेल्या जागी काळे डाग पडतात.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर आत्ता नाहीच. पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल, ॲलर्जी असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते न विचारता सांगा. आणि पार्लरवजा ठिकाणी जाऊ नका. नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर सोनोग्राफी करून घ्या, त्यात नसांतलं रक्त कसं वाहतं ते दिसतं. आतल्या मोठ्या नसेच्या झडपा गळत असतील तर वरचं जाळं पुसून काय उपयोग, ते पुन्हा उमटतं. आधी आतला इलाज.

पैसे दर बैठकीचे की दर पायाचे, तेही विचारून घ्या. विमा बहुधा देत नाही.

इंजेक्शनाच्या दिवशी पायाला तेल, क्रीम काही लावू नका. सैल सलवार घाला. आडवं झोपवून अगदी बारीक सुईने पॉलिडोकॅनॉलसारखं औषध नसेत सोडतात. त्याने नसेची आतली भिंत दुखावते, मग नस मिटते आणि शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. थोडी चुणचुण होते, बस. मोजे चढवले की लगेच चालायला लावतात. रिक्षात बसायची घाई नको, आधी पंधरा-वीस मिनिटं फिरा.

मोजे घालणं हीच खरी कसरत. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सरकवा आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्याने वर चोळत न्या. नखाने ओढलात तर फाटतो, आणि महाग असतो. वरची कड दुमडू नका, तिथे काच बसतो.

पहिले काही दिवस पाय आधीपेक्षा वाईट दिसतात: डास चावल्यासारखे फुगवटे, हिरवे-निळे डाग. बारीक नसा तीन ते सहा आठवड्यांत फिक्या पडतात, जाडसर असतील तर तीन-चार महिने. तपकिरी डाग काहींना महिनोन्‌महिने राहतो. एका बैठकीत सगळं जात नाही, आणि पुढे नव्या नसा येणार नाहीत असंही नाही. दुकानातल्या उभ्या कामाला काय करणार?

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा छातीत दुखलं, दम लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.