फुप्फुस मेरिडियनचे अकरा बिंदू: शोधताना, दाबताना, टोचताना या चुका टाळा

ॲक्युपंक्चर शिकायला बसलं की पहिली मेरिडियन (चिनी शास्त्र मानतं ती 'ची', म्हणजे शरीरातली ऊर्जा, वाहायची वाट) येते ती फुप्फुसाची, आणि ती बघून विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. मूत्राशयाच्या मेरिडियनवर ६७ बिंदू, पित्ताशयाच्या ४४, इथे मात्र फक्त ११. छातीच्या वरच्या कोपऱ्यातून निघायचं, दंड, कोपर, मनगट करत अंगठ्याच्या नखाशी थांबायचं. एका संध्याकाळी पाठ होते. एवढी लवकर पाठ होते म्हणूनच हिच्यावरच्या चुका पुढे वर्षानुवर्षं कुणी तपासून बघत नाही. मीही त्यातल्या बऱ्याच केल्या आहेत.

आधीच सांगते, घरी करणाऱ्यांनी फक्त दाबावं. सुईबद्दल खाली जे आहे ते शिकणाऱ्यांसाठी आणि सुई टोचून घेणाऱ्यांसाठी.

माप कुणाचं?

बिंदू चुकतो तो बहुतेक वेळा मापात. चिनी माप 'चुन'. उच्चार चुलीतल्या 'च'चा, चित्रातल्या नव्हे. कुणीतरी कधीतरी 'चुन म्हणजे इंच' असं सांगून ठेवलंय आणि लोक शाळेतली पट्टी घेऊन बसतात. चुन हे लांबीचं ठरलेलं माप नाही, ते त्या माणसाच्या शरीराचं प्रमाण आहे. त्याच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तेवढा १ चुन. चार बोटं जुळवून, मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या रेषेत जेवढी रुंदी ते ३ चुन. बोटं ज्याला दाबायचं त्याची, दाबणाऱ्याची नव्हेत. पैलवानाने आपल्या अंगठ्याने आजीच्या हातावर सात वेळा मोजलं तर तो कोपराच्या जवळ जाऊन पोचेल.

बोटांपेक्षा हाडांचं प्रमाण जास्त भरवशाचं. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत १२ चुन, मग हात पाच वर्षांच्या पोराचा असो की सहा फुटी माणसाचा. काखेच्या पुढच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत ९. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ३६१ बिंदूंच्या प्रमाणित जागा छापल्या, त्याही याच हिशेबाने.

यावर एक स्वस्त उपाय आहे. शिवणकामाच्या दुकानातून वीतभर इलास्टिक आणा आणि न ताणता त्यावर पेनाने १२ सारखे भाग पाडा. एक टोक कोपराच्या घडीवर, दुसरं मनगटाच्या घडीवर येईल इतकं ताणा. भाग सारखेच ताणले जातात, गणित आपोआप सुटतं.

उदाहरणार्थ खोंगझुई, म्हणजे एलयू ६ (एलयू म्हणजे इंग्रजी 'लंग', फुप्फुस; आकडा बिंदूचा क्रम). तो मनगटापासून ७ चुनांवर. विद्यार्थी मनगटाकडून बोटं मोजत वर चढतात आणि दर बोटागणिक थोडी चूक जमा होत जाते. त्यापेक्षा इलास्टिकवर बरोबर मध्य बघा, तो ६. तिथून एक भाग कोपराकडे सरका. दाबल्यावर आजूबाजूपेक्षा तिथे जास्त दुखलं तर जागा बहुधा बरोबर. काहीच जाणवलं नाही तर जोर वाढवत बसू नका. बोट मापाच्या रेषेवरच दोन-तीन मिलिमीटर आतबाहेर करा, आणि अंगठ्याच्या गादीऐवजी टोकाने दाबून पाहा.

छातीवरचे दोन: इथे चूक महागात पडते

चोंगफू (एलयू १) आणि त्याच्या १ चुन वरचा युनमेन (एलयू २) हे दोघेही छातीच्या मध्यरेषेपासून ६ चुन बाहेर. स्तनाग्र मध्यरेषेपासून ४ चुनांवर धरतात, म्हणजे त्याच्याही दोन चुन बाहेर जायचं. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात: बिंदू फार आत धरतात. पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं असतं, खांद्याकडची गोलाई कागदावर सपाट होते आणि बिंदू आत सरकल्यासारखा दिसतो.

मापाआधी खड्डा शोधा. समोरच्याला हात कमरेवर ठेवायला सांगा. कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाखाली, खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंमध्ये एक त्रिकोणी खळगी उठून दिसते. युनमेन तिच्यात. तिथून एक चुन खाली, पहिल्या आणि दुसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत चोंगफू. बरगडी मोजायला गळ्याखालच्या खाचेपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. दोन-तीन बोटांवर आडवा उंचवटा लागतो. त्याला जोडलेली बरगडी दुसरी. तिच्या वरची फट आपली.

दाबणाऱ्याला इथे फारसा धोका नाही, सुईवाल्याला आहे. या जागेखाली फुप्फुसच आहे. सुई सरळ किंवा आतल्या दिशेने खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरते आणि ते दबतं. ॲक्युपंक्चरमधल्या गंभीर इजांमध्ये ही सगळ्यात माहितीतली. म्हणून चोंगफूवर सुई तिरकी आणि बाहेरच्या दिशेनेच, आणि बारीक अंगकाठीच्या किंवा जुन्या दम्याच्या माणसावर तर दुप्पट सावधपणे. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं हा बिंदू नुसता दाबून भागवावा असं माझं मत आहे.

त्रास टेबलावरच सुरू होईल असं नाही, काही तासांनीही होतो. सुई घेतल्यावर एका बाजूला छातीत टोचणारं दुखणं, श्वास घेताना वाढणारं, धाप, कोरडा खोकला यातलं काहीही झालं तर 'सुई लागू पडतेय' म्हणून बसून राहू नका. थेट रुग्णालयात जा आणि छातीवर सुई टोचली होती हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. लोक नेमकं तेच सांगायचं लाजतात.

भारतात ॲक्युपंक्चर रुजवणारे डॉ. बिजॉयकुमार बसू हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी. त्यांना बरगड्या आधी पाठ होत्या, बिंदू पुढे आले. आपल्याकडच्या अनेक वर्गांत हा क्रम उलटा झालाय.

कोपर आणि मनगट

छिझे (एलयू ५) आणि छुझे हे दोन बिंदू नावामुळे आणि जागेमुळे हमखास अदलाबदल होतात. दोघेही कोपराच्या घडीवर. हात थोडा वाकवला की दंडाच्या बेटकुळीची दोरी घडीत ताठ लागते. तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला छिझे, करंगळीकडच्या बाजूला छुझे, आणि छुझे हा हृदयावरणाच्या मेरिडियनचा. दंडाची मोठी धमनीही त्याच करंगळीकडच्या बाजूला. हात सरळ ठेवून शोधलं तर दोरी हाताला लागतच नाही, मग अंदाजपंचे दाहोदरसे.

मनगटावर लिएछुए (एलयू ७), जिंगछू (एलयू ८) आणि थायुआन (एलयू ९) हे तिघे दीड चुनात दाटीवाटीने बसलेले. थायुआन मनगटाच्या घडीवर, धमनीच्या बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या कडेला. जिंगछू एक चुन वर, धमनी आणि हाडाचा उंचवटा यांच्या मध्ये. वैद्यबुवा नाडी बघतात ती हीच पट्टी. त्यामुळे आधी बोटाने ठोका शोधायचा आणि मग त्याच्या बाजूला सरकायचं. ठोक्यावरच दाबून ठेवणं ही चूक. सुई धमनीत गेलीच तर ती काढून कापसाने पाच मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघू नका, तेवढ्यानेच हात काळानिळा होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तिथे सुई नकोच.

जाता जाता: थांग राजवंशाच्या काळात थायुआनला 'थायछुआन' म्हणत, कारण पहिल्या सम्राटाचं नाव ली युआन आणि ते नाव उच्चारायची मनाई. जुन्या ग्रंथात ते नाव दिसलं तर वेगळा बिंदू समजू नका.

लिएछुएसाठी सगळे तो प्रसिद्ध डाव शिकवतात: दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्या एकमेकांत अडकवा, वरच्या तर्जनीचं टोक जिथे पडेल तो बिंदू. झटपट आहे, पण अंदाज म्हणूनच ठीक, कारण प्रत्येकाची तर्जनी सारख्या लांबीची नसते. टोक पडलं तिथे नखाने हलकंच चाचपा. हाडाच्या उंचवट्याच्या वर दोन स्नायुबंधांमध्ये एक चीर लागली पाहिजे, मनगटाच्या घडीपासून दीड चुन. ती लागली नाही तर तुम्ही बहुधा घडीच्या फार जवळ आहात.

इथे आणखी एक गैरसमज. या भागातून एक वरवरची नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) अंगठ्याच्या मागे जाते. कोपर आपटल्यावर येते तशी सणक अंगठ्यात गेली की विद्यार्थी खूश होतो, 'ची' आली म्हणून. ती 'ची' नाही, नस डिवचली गेली. बिंदूवर अपेक्षित असतं ते जड, बोथट, पसरत जाणारं दुखणं. सणक आली तर सुई मागे घ्या आणि कोन बदला, आणखी फिरवू नका.

अंगठा

यूजी (एलयू १०) तळहाताच्या फुगीर भागाच्या कडेला, जिथे तळहाताची लालसर कातडी संपून मागची कातडी सुरू होते त्या सीमेवर, अंगठ्याच्या तळव्यातल्या हाडाच्या मध्याशी. हा सहसा चुकत नाही.

शाओशांग (एलयू ११) मात्र चुकतो, कारण 'नखाची बाहेरची बाजू' म्हणजे नेमकी कुठली ते हात कसा धरलाय त्यावर बदलतं. लक्षात ठेवायला: तर्जनीला लागते ती बाजू नव्हे, तिच्या पलीकडची. नखाच्या कोपऱ्यापासून जेमतेम दोन मिलिमीटर. घसा दुखला की इथे टोचून थेंबभर रक्त काढायची चिनी रीत आहे, आणि ती वाचून घरातली साखर तपासायची सुई काढणारे भेटतात. मधुमेहात बोटाची जखम चिघळते, आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी घरभर फिरते. घरी नखाने दाबण्यावर थांबा.

नाव फुप्फुसाचं म्हणून

पहाटे ३ ते ५ ही फुप्फुसाची वेळ, असं चिनी शास्त्र मानतं. हे कळल्यावर चारला जाग येणारा प्रत्येक जण आपलं फुप्फुस कमजोर ठरवून छिझे चोळत बसतो. चारला जाग प्रोस्टेटने येते, साखरेने येते, शेजाऱ्याच्या पंपानेही येते. पहाटे रोज धाप लागून जाग येत असेल तर तो दमा असू शकतो, त्याला श्वासाची तपासणी आणि डॉक्टर लागतात. चालू असलेला दम्याचा पंप (इनहेलर) बिंदूंच्या भरवशावर बंद करणं ही या यादीतली सगळ्यात वाईट चूक.

बिंदू निवडतानाही गल्लत होते. चिनी हिशेबात थायुआन बळ देणारा, छिझे साठलेलं काढणारा: अशक्त, आवाज बसलेला, धाप लागणारा माणूस पहिल्याकडे, घट्ट पिवळा कफ असलेला दुसऱ्याकडे. दोन्ही एकदम दाबून 'काहीतरी लागेलच' असं करणाऱ्यांना कशाचा परिणाम झाला हे कधीच कळत नाही. खोंगझुईच्या वर्णनात तर 'खोकल्यातून रक्त पडणे' हेही लिहिलेलं असतं. ते जुन्या काळचं वर्णन म्हणून वाचा. आज थुंकीत रक्त दिसलं, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर इलास्टिक बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची ती तपासणी तिथे फुकट होते.