नाशिकहून लष्कराची रसद घेऊन काश्मीर-लडाखमधली झोजिला खिंड चढताना

टाकीत नाशिकचं डिझेल घेऊन थंडीत झोजिलावर (सुमारे ३,५२८ मीटर) गेलात, तर त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. खालीच टाकी रिकामी होत आणा, वर हिवाळी डिझेल भरा. एक जादा फिल्टर केबिनमध्ये असू द्या.

एअर ब्रेकच्या टाक्यांतलं पाणी रोज मुक्कामाला पोचताच काढा. ते गोठलं की व्हॉल्व्ह अडकतो. मग ब्रेक सुटत नाही, नाहीतर लागतच नाही.

उतरताना गिअर चढणीचाच, कसाऱ्यातही हाच नियम. ड्रम तापले की पाय कितीही दाबा, पकड मिळत नाही. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना, तीही बर्फ लागण्याआधी सपाटीवरच चढवा.

१९९९ साली कारगिल युद्धात द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरून पाकिस्तानी तोफांना दिशा मिळत होती, म्हणून तिथून ताफे रात्री दिवे मालवून काढावे लागत. असं दिवे मालवून चालवताना पुढच्या गाडीला चिकटू नका.