शिडाच्या जुन्या बोटीवरचे काटे: नवीन मीटर मागवण्याआधी या चुका टाळा

दसरा झाला, बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की दरवर्षी तोच फोन येतो. “डिझेलचा काटा हलत नाही. नवीन मीटर मागवलाय, येऊन बसवून द्या.” तपासायच्या आधीच मागवलेला असतो. मुंबई बंदरात मुरिंगवर उभ्या असणाऱ्या तीस-चाळीस वर्षं जुन्या शिडाच्या बोटींची वायरिंगची कामं मी करतो. बहुतेक वेळा जुना मीटर ठणठणीत असतो. बिघाड टाकीतल्या सेंडरमध्ये (फ्लोटवरून पातळी मोजून मीटरला सिग्नल देणारा भाग), वायरमध्ये किंवा अर्थमध्ये (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) सापडतो.

मीटर तपासायला दोन मिनिटं पुरतात. पॅनलच्या मागे तीन टर्मिनल असतात: ‘आय’वर किल्लीकडून आलेले १२ व्होल्ट, ‘जी’वर अर्थ, ‘एस’वर टाकीकडून आलेली वायर. किल्ली ऑन करून ‘एस’ची वायर काढा. अमेरिकन पद्धतीचा मीटर असेल तर काटा रिकाम्याकडे पडेल. मग वायरच्या तुकड्याने ‘एस’ आणि ‘जी’ क्षणभर जोडा, काटा भरलेल्याकडे जाईल. युरोपियन मीटरमध्ये याच्या बरोबर उलट होतं. काटा दोन्ही टोकांना गेला तर मीटरला हात लावू नका. पेट्रोल इंजिन असेल तर आधी बोट उघडून बिल्ज (बोटीच्या तळाची पोकळी) हवेशीर करा, आणि टाकीजवळ ही जोडाजोडी कधीच करू नका.

भोकं जुळली म्हणून सेंडर बसवणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तिचा राग येतो. सेंडरच्या दोन जाती सगळ्यात जास्त भेटतात. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम दाखवतो. युरोपियन सेंडर रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. म्हणजे एकाचा रेझिस्टन्स टाकी भरताना उतरतो, दुसऱ्याचा चढतो. वरची पाच भोकांची चकती मात्र दोन्हींत सारखी मिळते, त्यामुळे चुकीचा सेंडरही अगदी नेटका बसतो.

चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, एका बत्तीस फुटी अमेरिकन बोटीवर मी आरपीएम मीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या) कामासाठी होतो. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, टाकी साधारण ७५ लिटरची. सेंडर आदल्या आठवड्यात मालकांच्या पुतण्याने स्वतः बदलला होता. त्या वेळी टाकी अर्धी होती आणि काटाही अर्ध्यावर आला, म्हणून सगळे खूश. खरं म्हणजे अर्ध्या टाकीला दोन्ही जातींचा रेझिस्टन्स शंभरच्या आसपासच असतो. ज्या एका पातळीवर चूक दिसत नाही, नेमक्या त्याच पातळीवर त्याने तपासणी केली होती.

त्याच बोटीने निघालो, तर मुरुडपर्यंत वारा नव्हता, जवळजवळ सगळा पल्ला इंजिनवर मारला. मुरुडला पोचल्यावर काटा पाऊणच्या वर होता. मालक, म्हणजे त्या पुतण्याचे काका, म्हणाले, “बघा, जुनं इंजिन आहे पण डिझेल किती कमी पितं!” निघताना काटा कुठे होता हे मी विचारलं नाही. तेव्हापासून कुठल्याही बोटीवर पाय ठेवला की आधी तेच विचारतो.

परत येताना खांदेरीच्या अलीकडे, दीपगृह समोर दिसत असताना, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. काटा भरलेल्याच्या खुणेपलीकडे जाऊन चिकटला होता. अमेरिकन मीटरला युरोपियन सेंडर लागला होता. वारा पडलेला, ओहोटी लागलेली, चहूकडे जाळ्यांचे बोये. आम्ही नांगर टाकला. कॅनमधलं दहा लिटर डिझेल टाकीत ओतलं, पण तोवर तळाचा सगळा गाळ फिल्टरमध्ये ओढला गेला होता. फिल्टर बदलला, पंपाची हवा काढली, इंजेक्टरचे नट सैल करून पुन्हा हवा काढली. इंजिन लागायला पावणेदोन तास गेले. एका मच्छीमार बोटीचा तांडेल आमचा दिवा हलताना पाहून जवळ आला आणि काम होईपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.

म्हणून मीटर आणि सेंडर जोडीनेच घ्या. एकच घ्यायचा असेल तर जुन्या सेंडरची वायर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. वायर जोडलेली ठेवून मोजलं तर आकडा खोटा येतो. फ्लोट हाताने तळाशी न्या, मग वर न्या, दोन्ही आकडे लिहून ठेवा. नवीन सेंडर मी टाकीत घालण्याआधी मांडीवर घेतो, वायर आणि अर्थ जोडतो, किल्ली ऑन करतो आणि फ्लोट सावकाश वरखाली करतो. काटा हाताबरोबर चालला तरच पाच स्क्रू आवळतो. यात पाच मिनिटं जातात. ही पाच मिनिटं वाचवणारे लोक पुढे अख्खा दिवस घालवतात.

अर्थकडे दुर्लक्ष

एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेंडर किंवा त्याची वायर बघा. पण डिझेल, तापमान, ऑइल प्रेशर असे सगळे काटे एकदम भरकटले, किंवा पॅनलचा दिवा लावताच हलले, तर पॅनलची सामायिक अर्थ वायर धरा. कॉकपिटमधलं पॅनल उघडलं की चित्र ठरलेलं असतं. काळ्या टेपचा गोळा, उन्हाने वितळलेला चिकट डिंक, आत पिळून जोडलेल्या दोन तारा आणि त्यांवर हिरवा कळंक. टोक कापून नवीन करावं म्हणून इन्सुलेशन सोलावं, तर आतलं तांबं काळं. आणखी वीतभर सोललं तरी काळंच. खारी हवा तारेच्या आतून चढत जाते. अशी वायर घासून उपयोग नाही, पूर्ण बदला, आणि कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या. टोकाला लग (धातूचं टोक) दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. टेप मारून “सध्यापुरतं” केलेलं काम बोटीवर वीस वर्षं टिकतं आणि वीस वर्षं त्रास देतं.

टाकी प्लास्टिकची असेल तर सेंडरच्या चकतीला स्वतंत्र अर्थ वायर लागते. धातूच्या टाकीलाही मी ती देतोच. नवीन रबरी गॅस्केट आणि स्क्रूवरचा गंज मिळून तो रस्ता कधी बंद करतील याचा नेम नसतो.

आरपीएम मीटर मेला म्हणून तो बदलणे

पुष्कळ डिझेल इंजिनांवर हा मीटर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून सिग्नल घेतो. काटा शून्यावर आला म्हणजे अनेकदा अल्टरनेटर चार्जच करत नसतो. आधी पट्टा बघा, मग बॅटरीवर व्होल्ट मोजा. चालू इंजिनवर १४च्या आसपास हवेत. काही इंजिनांवर, उदाहरणार्थ यानमारच्या जुन्या मालिकांत, फ्लायव्हीलजवळ (इंजिनाच्या जड चाकाजवळ) फेरे मोजणारा चुंबकी पिकअप असतो. त्याच्या टोकावर लोखंडाचा चुरा बसतो, तो काढून पुसला की बऱ्याचदा काम होतं. अल्टरनेटर किंवा पुली बदलली असेल तर मीटर नव्याने जुळवावा लागतो. पुलीवर चकाकणारी पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने खरे फेरे मोजा. कानाने अंदाज बांधू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात.

पॅनलवरचा जुना अँपिअर मीटर तसाच ठेवणे

१९८०च्या सुमारच्या अनेक अमेरिकन बोटींवर अल्टरनेटरचा सगळा करंट इंजिनपासून कॉकपिटपर्यंत जातो, अँपिअर मीटरमधून फिरतो आणि परत येतो. वाटेत प्लगची जोडणी असते. तिच्या पिना गंजल्या की गरम होतात, प्लास्टिक तपकिरी पडतं, आणि तिथून आग लागायला वेळ लागत नाही. असा मीटर मी ठेवत नाही. जागेवर व्होल्टमीटर बसवतो, आणि अल्टरनेटरची जाड वायर फ्यूज लावून थेट बॅटरीकडे नेतो. “जुनं पॅनल सुंदर दिसतं” हे मला मान्य आहे, तरीही.

काही चुका एका ओळीत सांगतो. तापमानाच्या सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका, त्याची अर्थ त्या आट्यांतूनच जाते. स्विच आणि सेंडर दिसायला सारखे असतात, बझरचा स्विच मीटरला जोडू नका. दोन पॅनलसाठीचा सेंडर एका मीटरवर चुकीचं वाचन देतो. धुकं धरलेली काच म्हणजे आत पाणी, ड्रिलने भोक पाडून ते जात नाही.

ऑइल प्रेशरच्या बझरची वायर कापणाऱ्यांशी मात्र मी वाद घालतो. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन लागण्याआधी, तो वाजलाच पाहिजे. तीच त्याची रोजची तपासणी. वाजला नाही तर आधी तो दुरुस्त करा, डिझेलचा काटा नंतर.

शेवटचं, टाकीच्या आकाराबद्दल. शिडाच्या बोटीत टाकी बऱ्याचदा हलच्या (बोटीच्या बुडाच्या) उताराला धरून खाली निमुळती असते, त्यामुळे काटा अर्ध्यावर असताना डिझेल अर्ध्याहून बरंच कमी असतं. बोट कलली की वाचन आणखी बदलतं. मी टाकी रिकामी असतानाच संधी साधतो. बोट सरळ उभी असताना मोजून दहा-दहा लिटर ओततो, प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते एका पट्टीवर लिहितो आणि ती पट्टी मीटरखाली चिकटवतो. त्या काकांच्या बोटीवर अशी पट्टी आहे. पाव खुणेखाली काकांनी स्वतः लाल पेनने लिहिलंय: ११ लिटर.